रिको चौथे, मुक्काम कर्वेनगर

पुण्यात रोज पडणाऱ्या माणसांना तोटा नाही. कुणी स्कूटरवरून पडतं, कुणी खोदून ठेवलेल्या फुटपाथवर पडतं, कुणी फोनात बघत चालताना झाडाच्या आळ्यात पडतं. पण पडावं कसं हे समजलेला माणूस या अख्ख्या शहरात एकच, आणि तो म्हणजे आमचे व्याही. हे मी ठासून लिहितो. कुणाला पटत नसेल तर त्यानं माझ्यासमोर यावं आणि पडून दाखवावं.

आता हे मी सांगावं याला कारण आहे. मी गवंडी. चौथीनंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही, तेव्हा मी थापी हातात घेतली आणि चाळीस वर्षं परांचीवर उभा राहिलो. कर्वेनगरातल्या निम्म्या जुन्या सोसायट्यांच्या भिंतींवरून माझा हात फिरलाय. बांबूची परांची, सुंभाची बांधणी, चार मजले खाली जमीन, आणि एकदाही पडलो नाही. माझ्याबरोबरची दोघं पडली, एक जन्माचा लंगडा झाला. मी नाही पडलो. या गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. म्हणजे बघा, मी आयुष्यभर न पडण्याची मजुरी घेतली आणि आमच्या व्याह्यांनी पडण्याची.

मुलानं मुलगी पसंत केली तेव्हा आम्ही नवराबायको रीतसर बोलणी करायला गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. पोहे आले. मी विचारायचं ते विचारलं, "आपण काय करता?"

"पडतो," ते म्हणाले.

मला वाटलं आजारीबिजारी आहेत. मी म्हटलं, "म्हणजे?"

"सर्कशीत जोकर आहे. दिवसाला तीन खेळ. एका खेळात साधारण अकरा वेळा पडतो. रविवारी दोन-चार जास्त, पोरं फार असतात."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि उठलो. ते सोडायला दारापर्यंत आले, आणि उंबऱ्यावर असे काही अडखळले की आधी टोपी बाहेर गेली, मग ते, आणि शेवटी त्यांची एक चप्पल. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. रिक्षात मी तिला विचारलं, "हसायला काय झालं?" ती म्हणाली, "तुम्ही रागानं फणफणला होता म्हणून पडले ते. तेवढंही कळलं नाही?" खरं सांगायचं तर नव्हतं कळलं. लग्न झालं ते माझ्या मुलामुळे. हट्टीपणात तो माझ्यावर गेलाय.

पुढं माझी बायको गेली. तिकडे त्यांची तर आधीच गेली होती. सर्कशीनं तंबू कायमचा गुंडाळला तेव्हा सूनबाई वडलांना आमच्याकडे घेऊन आल्या. एक पत्र्याची ट्रंक, एक काठी, आणि खिशात मुठीत मावेल एवढी एक डबी. तेव्हापासून आम्ही दोघं म्हातारे एका खोलीत आहोत. पहिल्या रात्री मी सांगून टाकलं, "खिडकीकडची कॉट माझी." ते म्हणाले, "मिस्त्री, मला कुठलीही चालेल. कॉटवरून पडण्यात तशीही मजा नाही."

घरात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, आणि यात त्यांचा अपमान नाही. सर्कशीत त्यांचं नाव रिको. आमची नात गार्गी बोलायला लागली तेव्हापासून मी नुसता आजोबा आणि ते रिकोआजोबा. मी एकदा म्हटलं, "व्याहीबुवा, हे कसलं नाव? कुत्र्याला ठेवतात असलं." तर म्हणाले, "नाव माझं कुठं आहे? नाव रिंगणाचं." मग त्यांनी रीत सांगितली. त्यांच्या सर्कशीत जोकर बदलायचा, नाव बदलायचं नाही. पहिला रिको कुठूनसा परदेशातून आलेला. तो थकला तेव्हा त्यानं नाव दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं यांना. द्यायची पद्धत अशी, की दुपारच्या खेळाआधी सगळ्यांसमोर जुन्यानं स्वतःच्या नाकावरचं लाल नाक काढायचं आणि नव्याच्या नाकावर बसवायचं. मग तंबूच्या मागच्या दारानं निघून जायचं, वळून बघायचं नाही, आणि पुन्हा त्या नावाला ओ द्यायची नाही. देण्याच्या अटी दोनच. देणाऱ्याला आता पडता येत नाही, ही एक. आणि घेणारा कधीतरी चारचौघांत दुसऱ्यासाठी पडलेला असला पाहिजे, ही दुसरी.

"दुसऱ्यासाठी म्हणजे?" मी विचारलं.

"झुल्यावरची पोरगी हुकली आणि जाळीत पडली, की सगळा तंबू गप्प होतो, मिस्त्री. तिला पुन्हा शिडी चढायची असते, आणि सगळे तिच्याकडे बघत असतात. अशा वेळी जोकरनं धावत यायचं आणि तिच्यापेक्षा वाईट पडायचं. लोक हसतात. तेवढ्यात ती चढून जाते. आमचं खरं काम तेवढंच. बाकीचं पडणं म्हणजे पगारापुरतं."

मी चाळीस वर्षं उंचावर काम केलेला माणूस. ही गोष्ट मला एकदम कळली, पण तसं मी त्यांना दाखवलं नाही.

आता नावाचं वेड सांगतो. गार्गी जपानी चित्रांची पुस्तकं वाचते. मी कॉमिक म्हणालो तर चिडते, "आजोबा, मंगा म्हणायचं." ती पुस्तकं मागून पुढं वाचायची असतात. मला ते पटलेलं नाही. पाया शेवटी घालून कुठं इमारत होते? आमच्या व्याह्यांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. "आम्ही तंबूत कायम मागूनच शिरायचो," म्हणाले. एक दिवस गार्गी त्यांना वाचून दाखवत होती, तर त्यात एक मुलगी निघाली, पाठीवर मोठं दप्तर, डोळे बशीएवढे, आणि नाव रिको. व्याही उठून उभे राहिले! चष्मा पुसला, चित्र डोळ्यांजवळ नेलं, आणि म्हणाले, "आमच्यातलीच दिसते. कुणी नेलं असेल नाव तिकडे? पहिल्या रिकोचा एक भाऊ बोटीवर होता म्हणे." गार्गीनं सांगितलं की जपानात हे मुलींचं नेहमीचं नाव आहे, गल्लोगल्ली सापडेल. त्यावर ते म्हणाले, "मग तर भाऊबंदकी फारच वाढली." तेव्हापासून त्या चित्रातल्या मुलीची ते रोज विचारपूस करतात. ती परीक्षेत नापास झाली त्या भागानंतर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी म्हटलं, "अहो, कागदावरची पोरगी आहे ती." तर माझ्याकडे असं बघितलं, जशी माझीच चूक.

हे निभावलं असतं. पण गार्गी पियानोही शिकते. घरी साधा विजेचा कीबोर्ड आहे, पण आम्ही त्याला पियानोच म्हणतो. सदाशिव पेठेतल्या क्लासच्या बाईंनी तिला सरावाचं एक जुनं पुस्तक दिलं. कुणा युरोपातल्या मास्तरानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले छोटे छोटे धडे, आणि प्रत्येक धड्यावर त्या त्या मुलाचं नाव. सतराव्या धड्यावर लिहिलेलं होतं, "रिकोसाठी". झालं. दुसऱ्या दिवसापासून व्याही पियानोला बसले. एका बोटानं, तोच सतरावा धडा. डावा हात सारखा एकच चाल चालत राहतो आणि उजव्यानं त्याच्यापासून सुटून पळायचं, असा तो धडा आहे. त्यांचा उजवा काही सुटायचा नाही. दीड वर्ष! मी विचारलं, "व्याहीबुवा, सोळावा नाही, अठरावा नाही, हाच का?" ते म्हणाले, "आपल्या नावावर आलेलं काम दुसऱ्यानं का करावं?"

खालच्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांनी जिन्यात पाटी लावली : "दुपारी १ ते ४ या वेळेत वाद्य वाजवू नये. वाद्य येत नसल्यास इतर वेळीही वाजवू नये." मी वाचली आणि वर न जाता थेट त्यांची बेल दाबली.

"ही पाटी कुणासाठी?"

"ज्याला लागू पडेल त्याच्यासाठी," सेक्रेटरी म्हणाले. "आजोबा, जोकरनं म्हातारपणी पियानो शिकायचा म्हणजे जरा अतीच होतं, नाही का?"

"तुम्ही म्हातारपणी हसायला शिकलात तर तेही अतीच होईल," मी म्हटलं. "आणि ज्या भिंतीवर पाटी लावलीत ना, ते प्लास्टर माझं आहे. खिळा ठोकताना विचारायचं होतं. तिरका ठोकलाय."

पाटी अजून आहे. धडाही चालू राहिला. एक ते चार सोडून, कारण नियम तो नियम. माणूस नडायचा असला तरी नियमात राहून नडावं, पुण्यात तेवढं कळावं लागतं.

मागच्या वर्षी क्लासचा कार्यक्रम होता. पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पन्नास-साठ पालक, सगळ्यांचे फोन वर धरलेले. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा मध्येच अडकला आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. सगळे गप्प. पुढं काय झालं ते मी शेजारी बसून पाहिलंय. आमचे व्याही उठले, शर्टाची कॉलर ताठ केली, जणू सत्कारच स्वीकारायला निघालेत, आणि दुसऱ्याच पावलाला आडवे. पोरगा खदाखदा हसला, डोळे पुसून पुढचं वाजवायला लागला. लोक हसले. फक्त आमचे व्याही उठले नाहीत. खुबा मोडला होता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते चुकीचे पडले, आणि तेव्हा रिंगणातला भुसा नव्हता, खाली फरशी होती.

ऑपरेशन झालं, खुब्यात पोलाद बसलं. डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा पडलात तर उठणार नाहीत." क्लासच्या बाई सूनबाईंना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आजोबांना नका आणू प्लीज." सूनबाईंनी वडलांना गार्गीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पडणार नाही. त्यांनी घेतली. आणि त्याच रात्री कॉटवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "मिस्त्री, पहिली अट पुरी झाली. आता नाव द्यायला पाहिजे. नाव बेवारस सोडून गेलो, तर वर त्या तिघांना काय सांगू?"

मी म्हटलं, "झोपा."

ते काही झोपले नाहीत, महिनोन् महिने माणूस शोधत राहिले. जावयाला विचारलं. माझा मुलगा कॉम्प्युटरवाला, तो म्हणाला, "बाबा, माझी दिवसभर मीटिंग असते." गार्गीला विचारलं. ती म्हणाली, "रिकोआजोबा, मला पडायचं नाहीये, मला वाजवायचंय." तेही बरोबरच होतं. वॉचमनला चहा पाजून दोन दिवस पडायला शिकवलं, पण तो पडायच्या आधी मागं वळून बघायचा. मला मात्र कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो ते त्यांना माहीत होतं. एकदा फक्त म्हणाले, "मिस्त्री, पडायला अंग लागत नाही, ऐट लागते. आधी माणूस ताठ असला पाहिजे, जगात आपल्यासारखा कुणी नाही अशा तोऱ्यात. तरच पडण्याला किंमत. हात टेकायचे नाहीत, मान आत घ्यायची, बाकी सगळी ऐट. तुमच्याइतकी ऐट मी पन्नास वर्षांत कुठल्या तंबूत पाहिली नाही. फुकट चालली."

"चालू द्या," मी म्हटलं. "मी चार मजल्यांवरून पडलो नाही, तो आता जमिनीवरून पडू?"

यंदाच्या कार्यक्रमाला बाईंनी गार्गीला एक मोठी, भारदस्त रचना दिली होती. गार्गी म्हणाली, मी सतरावा धडा वाजवणार. बाई म्हणाल्या, तो सरावाचा आहे, तो कुणी स्टेजवर वाजवत नाही. गार्गी म्हणाली, मी वाजवणार. (हट्ट आमच्या घराण्यात थेट वाहत येतो, खडकवासल्याचं पाणी टाकीत यावं तसा.) आणि तिनं आणखी एक अट घातली, की दोन्ही आजोबा येणार. सूनबाईंनी पुन्हा शपथ घ्यायला लावली. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मध्ये काठी.

गार्गी बसली. सुरुवात चांगली झाली. डावा हात चालायला लागला, उजवा सुटून पळाला, आणि अर्ध्यावर पोचून थांबला. नेमका जिथं व्याह्यांचा दीड वर्ष थांबायचा तिथंच. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच थांबली. हात मांडीवर आले. पोरगी मान खाली घालून बसली, आणि हॉल असा गप्प झाला की पंख्याची करकर ऐकू यायला लागली.

मी शेजारी पाहिलं. व्याह्यांनी काठी हळूच खुर्चीला टेकवून ठेवली होती. एका हातानं कॉलर ताठ केली. शपथ, पोलाद, डॉक्टर, त्यांच्या तोंडावर त्यातलं काहीही नव्हतं. टाच पुढं सरकली. परांचीवर काम केलेल्या माणसाला तोल कळतो, कुणाचं वजन कुठल्या पायावर चाललंय ते दिसतं. हा माणूस आता उठणार, आणि पडला की पुन्हा उठणार नाही, हे मला त्या टाचेत दिसलं.

मी त्यांच्या खांद्यावर हात दाबला आणि स्वतः उभा राहिलो.

टोपी सारखी केली. छाती काढली. सगळ्या हॉलकडे एकदा असं पाहिलं, जसा मजुरांकडे सकाळी सात वाजता बघायचो. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "आजोबा, प्लीज, बसून घ्या ना." मी म्हटलं, "बसतोच आहे." टाचेनं खुर्ची मागं सारली, आणि ऐटीत बसलो. खाली काही नव्हतं.

चाळीस वर्षं जे केलं नाही ते एका क्षणात झालं. टोपी पुढच्या रांगेत गेली, माझे पाय वर, मागची रिकामी खुर्ची माझ्या अंगावर, आणि तिच्यावर ठेवलेली कुणाची तरी पर्स माझ्या पोटावर. हॉल फुटला. एवढं हसणं मी कधी माझ्यामुळे ऐकलं नव्हतं. क्लासच्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दुसरेसुद्धा?" आणि त्या गोंधळात मला गार्गीचं हसणं ऐकू आलं. मग हसता हसताच तिचा डावा हात चालायला लागला. उजवा सुटला. तिथं पोचला, आणि त्या जागेवरून पुढं गेला. मी जमिनीवर पडून सगळा धडा शेवटपर्यंत ऐकला. तिथून फार छान ऐकू येतो.

व्याही हसले नव्हते. मला हात द्यायला वाकले तेव्हा डोळे भरलेले होते. मी विचारलं, "कसं झालं?"

"मान बाहेर राहिली," ते म्हणाले. "पण ऐट अस्सल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाच्या आधी, त्यांनी सगळ्यांना घरच्या हॉलमध्ये बोलावलं. सर्कशीचा दुपारचा खेळ त्याच सुमाराला असायचा. मुलानं मीटिंग सोडली. खिशातली डबी निघाली. आत लाल नाक, रबराच्या चेंडूचं, चार माणसांनी वापरून रंग जागोजाग गेलेला. आधी त्यांनी ते स्वतःच्या नाकावर बसवलं. आरशात पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. मग काढलं आणि माझ्या नाकावर बसवलं. मी म्हटलं, "व्याहीबुवा, मी गवंडी माणूस, मला तीन खेळ झेपायचे नाहीत." ते म्हणाले, "खेळ संपलेत, मिस्त्री. फक्त कुणी अडलं तर बघा."

मग रीतीप्रमाणे ते मागच्या दारानं निघाले, वळून न बघता. पण तंबूला मागचं दार असतं, फ्लॅटला नसतं. ते स्वयंपाकघरातून थेट कपडे धुवायच्या बाल्कनीत गेले आणि पुढं वाट नाही म्हणून वॉशिंग मशीनशेजारी, आमच्याकडे पाठ करून, काठी टेकून उभे राहिले. सूनबाई पुढं निघाल्या तर मी हात आडवा घातला. चहा गार झाला, पण आम्ही कुणी हाक मारली नाही.

ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. खालचे सेक्रेटरी मला जिन्यात "काय रिको पाचवे?" म्हणतात. मी "बोला" म्हणतो. त्यांना वाटतं मी चिडेन. हे नाव मला चारचौघांत पडून मिळालंय. त्यांचं त्यांना बारशाला फुकट मिळालं.

अडचण एकच झाली. परवा गार्गीनं शाळेतून येऊन सवयीनं हाक मारली, "रिकोआजोबा!" व्याही खिडकीशी बसले होते (ती कॉट आता मी त्यांना दिली आहे). त्यांनी मान वळवली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. त्यांनी मला कोपरानं ढोसलं, "मिस्त्री, तुम्हाला बोलावतायत." पोर गोंधळली. मग त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि विचारलं, "मग तुम्हाला आता काय म्हणायचं?"

खाली कुणीतरी गाडीची किक मारत होतं, ती लागत नव्हती. मग त्यांनी त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव सांगितलं, जरा चाचरत, जसं पन्नास वर्षांनी कुलूप उघडून बघावं आत काही उरलंय का. साधं नाव आहे. मी ते इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. गार्गीनं ते एकदा म्हणून पाहिलं.

तेव्हा त्यांनी मान वळवली.